ग्रँटसाहेबांची सही

मागच्या वेळी आपण अब्राहम लिंकन यांच्याबद्दल बोललो होतो. कार्यक्रम संपला आणि एका मावशींचा फोन आला. म्हणाल्या, "लिंकनसाहेबांचं सांगितलंत, बरं वाटलं. पण त्यांच्या बाजूनं लढाई जिंकली कुणी? त्या माणसाचं पुढं काय झालं?" खरं सांगतो, आम्हाला चटकन उत्तर देता आलं नाही. बी.ए.ला अमेरिकेतलं यादवी युद्ध आम्ही दोन पानांत उरकलं होतं, 'टीपा लिहा'मध्ये येईल तेवढंच. मग पुस्तकं काढली, वाचायला बसलो. वाचता वाचता असं झालं की हा माणूस आपल्याच महिन्याच्या बैठकीला येऊन सतरंजीवर बसलाय की काय असं वाटायला लागलं.

त्यांचं नाव युलिसिस ग्रँट. अमेरिकेचे अठरावे अध्यक्ष, १८६९ ते १८७७. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना ते अर्पण केलं, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. त्या साली तिथं अध्यक्षपदावर होते ते हेच ग्रँट. आणि ते मुंबईतही येऊन गेलेत. ते पुढे येईलच.

जन्म १८२२ चा, ओहायो राज्यातला. वडील कातडी कमवायचा धंदा करायचे, व्यवहाराला एकदम पक्के. मुलाला मात्र त्या कातड्यांचा आणि रक्ताचा वास सोसायचा नाही. त्याचा जीव घोड्यांवर. त्याच्या लहानपणची एक गोष्ट आहे, ती त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली. मुलगा आठेक वर्षांचा असेल. शेजारच्या माणसाचं एक शिंगरू त्याच्या मनात भरलं. मालक पंचवीस डॉलर मागत होता. वडिलांनी मुलाला शिकवून पाठवलं, आधी वीस म्हण, नाही म्हणाला तर साडेबावीस, अगदीच ऐकेना तर पंचवीस. पोरगं गेलं आणि मालकाला सरळ सांगून मोकळं झालं की बाबांनी असं असं सांगितलंय, वीसला नाही दिलंत तर साडेबावीस, आणि तेही नाही तर पंचवीस. आता शिंगरू केवढ्याला पडलं असेल ते सांगायला नको. गावातली पोरं त्याला यावरून कितीतरी दिवस चिडवत होती.

आम्ही ही गोष्ट एका गटात सांगितली तेव्हा सगळ्या हसल्या. एकजण म्हणाली, "आमचा धाकटा अस्साच आहे." पण मैत्रिणींनो, ही गोष्ट लक्षात असू द्या.

सतराव्या वर्षी वडिलांनी त्याला वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत घातलं. अर्ज भरणाऱ्या खासदारानं नावच चुकवलं. मुलाचं खरं नाव हायरम युलिसिस ग्रँट, कागदावर झालं युलिसिस एस. ग्रँट. आपल्याकडं आधार कार्डावर एक वेलांटी चुकली तर तालुक्याला चार हेलपाटे होतात. त्यांनी चुकलेलं नावच जन्मभर चालवलं. त्या 'एस'चा तसा काहीच अर्थ नाही.

शाळेत काही चमकले नाहीत. एकोणचाळीसजणांत एकविसावा नंबर. घोड्यावर बसण्यात मात्र पहिले. मेक्सिकोशी झालेल्या युद्धात लढले आणि १८४८ साली ज्यूलिया डेंट यांच्याशी लग्न केलं. ज्यूलियाबाईंच्या एका डोळ्यात लहानपणापासून तिरळेपणा होता. पुढे नवरा मोठा सेनापती झाला, सगळीकडे नाव झालं, तेव्हा या बाईंना वाटलं की आता आपल्याला लोक बघणार, डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यावं. डॉक्टरांनी सांगितलं, आता उशीर झाला. नवऱ्याला कळलं तेव्हा तो म्हणाला की मी याच डोळ्यांच्या प्रेमात पडलो होतो, त्यांना हात लावायचा नाही. हे ज्यूलियाबाईंनीच लिहून ठेवलंय. नवऱ्याबद्दल आमचं मत इथंच चांगलं झालं, हे कबूल करतो.

पण एक अवघड गोष्टही सांगायला हवी. ज्यूलियाबाईंचं माहेर सेंट लुईसजवळचं, आणि वडील गुलाम बाळगणारे. त्यांच्या शेतावर, त्यांच्या स्वयंपाकघरात राबणारी माणसं विकत घेतलेली होती. ग्रँट यांचे आईवडील गुलामगिरीच्या विरोधातले, म्हणून ते मुलाच्या लग्नाला गेलेच नाहीत. या दोन घरांच्या मध्ये हा माणूस उभा होता.

१८५४ साली त्यांनी सैन्याची नोकरी सोडली. बायकोमुलांपासून दूर, पॅसिफिक किनाऱ्यावर नेमणूक, एकटेपणा, त्यात दारू. घरी आले आणि सासऱ्यांनी दिलेल्या जमिनीवर शेती करायला लागले. हातानं लाकडाचं घर बांधलं. पीक काही हाती लागेना. मग सरपण तोडायचं, गाडीत भरायचं आणि सेंट लुईसच्या रस्त्यावर उभं राहून विकायचं. सैन्यातला जुना कॅप्टन मोळी विकतोय म्हणून ओळखीचे लोक तोंड फिरवायचे. १८५७ साली नाताळच्या दोन दिवस आधी त्यांनी सोन्याचं घड्याळ गहाण टाकलं. बावीस डॉलर मिळाले. सणाच्या तोंडावर काहीतरी गहाण टाकायला सोनाराच्या दुकानाची पायरी चढणं म्हणजे काय, हे आपल्यातल्या कितीजणींना माहीत आहे, इथं हात वर करायला सांगत नाही.

याच हलाखीच्या दिवसांत, १८५९ साली, त्यांच्या मालकीचा एक गुलाम होता, विल्यम जोन्स नावाचा. विकला असता तर शेकडो डॉलर हातात आले असते. ग्रँट न्यायालयात गेले आणि कागद करून त्याला मोकळं केलं. घरात पैशांची चणचण असताना केलं, म्हणून आम्ही या गोष्टीला मोठी मानतो. त्यांच्या आयुष्यातली ही एक सही अशी, की जिच्याबद्दल कुणाला काही बोलायला जागा नाही.

शेती गेली. मग भाडेवसुलीच्या कामात शिरले. पैसे मागायला गेले की समोरच्याची रडकथा ऐकून परत यायचे. तेही बुडालं. शेवटी १८६० साली गॅलेना गावात वडिलांच्या चामड्याच्या दुकानात, धाकट्या भावांच्या हाताखाली कारकुनी पत्करली. वय अडतीस.

आणि पुढच्याच वर्षी युद्ध सुरू झालं. युद्धाचं आम्ही फार सांगत बसत नाही. दक्षिणेकडच्या राज्यांना गुलाम ठेवायचे होते, त्यांनी वेगळा देश मांडला आणि चार वर्षं भाऊ भावाला मारत होता. दुकानातला हा कारकून १८६४ साली लिंकन यांच्या सगळ्या सैन्यांचा प्रमुख झाला. ९ एप्रिल १८६५ रोजी अपोमॅटॉक्स गावात दक्षिणेचा सेनापती ली त्यांना शरण आला. शरणागतीच्या अटी ग्रँट यांनी तिथंच बसून स्वतःच्या हातानं लिहिल्या. हरलेल्या सैनिकांना घरी जाऊ दिलं. त्यांची घोडी, खेचरंही नेऊ दिली, कारण पेरणीचे दिवस होते आणि औतांना जनावरं लागणार होती. उपाशी सैन्याला शिधाही दिला. मोळी विकलेला माणूस होता तो. शेतकऱ्याला हंगामात काय लागतं ते त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

लिंकन यांचा त्याच आठवड्यात खून झाला. १८६८ च्या निवडणुकीत लोकांनी ग्रँट यांना अध्यक्ष केलं. तेव्हा ते शेहेचाळीस वर्षांचे होते. अध्यक्ष व्हायचं तर सेनापतिपद सोडावं लागलं, आणि त्या पदाला जोडलेला तहहयात पगारही गेला. त्या काळी माजी अध्यक्षांना पेन्शन नव्हतं. हे पुढे महागात पडलं.

अध्यक्ष म्हणून त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या माणसांच्या बाजूनं उभं राहणं. १८७० साली राज्यघटनेत पंधरावी दुरुस्ती झाली. रंगावरून, किंवा पूर्वी गुलाम होता म्हणून कुणाचं मत नाकारता येणार नाही, असं ठरलं. कागदावर ठरलं, पण दक्षिणेत कू क्लक्स क्लॅन नावाची टोळी रात्री तोंडं झाकून यायची, मतदानाला गेलेल्या काळ्या माणसांना मारायची, घरं जाळायची. ग्रँट यांनी १८७१ साली त्या टोळीविरुद्ध कायदा करून घेतला, साउथ कॅरोलिनाच्या नऊ परगण्यांत सैन्य वापरून शेकडो लोकांना पकडलं. टोळीचा कणा मोडला. काही वर्षांनी उत्तरेतले लोकच या कामाला कंटाळले आणि काळ्यांच्या वाट्याला पुन्हा अंधार आला, पण तेवढे दिवस तरी सरकार त्यांच्या बाजूनं उभं होतं.

बायकांना मात्र त्या दुरुस्तीत जागा नव्हती. १८७२ साली सुझन अँथनी या बाईंनी रोचेस्टर गावात जाऊन मत टाकलंच, आणि टाकलं ते ग्रँट यांच्या बाजूनं. बाईमाणसानं मत दिलं म्हणून त्यांना अटक झाली, शंभर डॉलर दंड झाला. त्यांनी तो शेवटपर्यंत भरला नाही. या बाईंवर एक पूर्ण भाषण व्हायला हवं, ते आम्ही देणे लागतो.

आता दुसरी बाजू. ग्रँट यांच्या भोवती जी माणसं गोळा झाली त्यांत चोर फार. १८६९ मध्ये दोन सटोडियांनी त्यांच्या बहिणीच्या नवऱ्याला हाताशी धरून सोन्याचा भाव चढवला, ग्रँटना उशिरा कळलं, मग त्यांनी सरकारी सोनं विकायला काढलं आणि एका दिवसात बाजार कोसळला. पुढे दारूवरचा कर खाणारी टोळी सापडली, त्यात त्यांच्या खासगी सचिवाचं नाव आलं. ग्रँट यांनी त्याच्यासाठी साक्ष दिली. स्वतः एक पैसा खाल्ला नाही, हे त्यांचे शत्रूही मान्य करतात. पण ज्याच्यावर जीव टाकला त्याच्याकडं संशयानं बघायचंच नाही, ही सवय. आणि मूळ रहिवाशांच्या बाबतीत तर डाग लागलाच. ब्लॅक हिल्सचा डोंगराळ मुलूख लकोटा लोकांकडं राहील असा १८६८ साली करार झाला होता. १८७४ साली तिथं सोनं सापडलं, आणि दोन वर्षांत त्यांच्यावर सैन्य गेलं. एकाला मताचा हक्क देणाऱ्या सरकारनं दुसऱ्याची जमीन घेतली. याला आम्ही भोळेपणा म्हणणार नाही.

१८७७ साली अध्यक्षपद संपलं आणि नवराबायको जगप्रवासाला निघाले. फेब्रुवारी १८७९ मध्ये बोटीनं मुंबईला उतरले. मलबार पॉइंटला, आज जिथं राज्यपालांचं निवासस्थान आहे तिथं, गव्हर्नरांचे पाहुणे म्हणून राहिले. तिथून आग्रा, जयपूर, दिल्ली, वाराणसी, कलकत्ता. राजेमहाराजे, तोफांच्या सलाम्या, मेजवान्या. परत गेले तेव्हा नाव जगभर झालेलं, पण उत्पन्नाचं साधन काहीच नव्हतं.

मित्रांनी वर्गणी काढून न्यूयॉर्कमध्ये घर घेऊन दिलं. शेजारीपाजारी सगळे कोट्यधीश. आणि इथं गोष्टीत फर्डिनंड वॉर्ड येतो.

वॉर्ड तिशीच्या आतला, गोड बोलणारा, नीटनेटका तरुण. ग्रँट यांच्या मुलाची त्याच्याशी ओळख झाली. पेढी काढली, नाव 'ग्रँट अँड वॉर्ड'. ग्रँट आणि त्यांचा मुलगा, दोघांनी प्रत्येकी एक लाख डॉलर घातले. म्हणजे होतं नव्हतं ते सगळं. व्यवहार सगळा वॉर्ड बघायचा. दर महिन्याला नफा यायचा, तोही भरघोस. नावाजलेल्या सेनापतीची पेढी म्हटल्यावर लोक रांगा लावून पैसे ठेवायला आले. त्यांत ग्रँट यांचे नातेवाईक होते, युद्धात त्यांच्या हाताखाली लढलेले जुने सैनिक होते.

वॉर्ड काय करत होता? नव्या माणसाचे पैसे घ्यायचे आणि जुन्या माणसाला नफा म्हणून द्यायचे. एकच रोखे दोन दोन ठिकाणी तारण ठेवून कर्ज काढायचं. लोकांच्या कानात सांगायचं की सेनापतींच्या वशिल्यानं आपल्याला सरकारी कंत्राटं मिळतात, बाहेर बोलू नका. ग्रँट यांनी तर सरकारी कंत्राटांना हात लावायचा नाही असंच बजावलं होतं. पण कागदांचा गठ्ठा पुढे आला की ते न वाचता सह्या करत. त्या गठ्ठ्यातूनच लोकांना दाखवायची पत्रं निघाली. हिशेबाची वही त्यांनी कधी उघडून बघितली नाही.

इथं आम्ही जरा थांबतो, कारण हे वाचताना आमचंही पान काही वेळ उलटलं नाही.

आमच्या भागात काही वर्षांपूर्वी असेच एक गृहस्थ आले होते. शर्टाची घडी मोडलेली नाही, हातात छापील पत्रकं. दर महिन्याला भरा, इतक्या महिन्यांत दीडपट. म्हणाले, "ताई, बैठकीत फक्त दहा मिनिटं द्या." आम्ही दिली. चहाही दिला. आम्ही कुणाला पैसे भरा म्हणालो नाही, हे खरं. भरू नका असंही म्हणालो नाही. पहिले तीन महिने परतावा अगदी तारखेला आला. मग एक दिवस फोन बंद. ऑफिसला कुलूप. नंतर ज्या बायकांचे पैसे गेले त्या भांडल्या नाहीत, आरडाओरडा केला नाही. एकजण एवढंच म्हणाली, "तुमच्या बैठकीत बसले होते ना ते, म्हणून भरले." त्यांच्यात एकीनं शेळी विकलेली होती. ग्रँट यांच्या नावावर पैसे ठेवणारे ते म्हातारे सैनिक आम्हाला म्हणूनच जास्त दिसतात, ग्रँटपेक्षाही.

४ मे १८८४, रविवार. वॉर्ड घरी आला. म्हणाला, मरीन बँकेतून महापालिकेनं मोठी रक्कम काढली, बँक अडचणीत आहे, बुडाली तर आपलेही पैसे अडकतील. फक्त एका दिवसापुरते दीड लाख डॉलर कुठून मिळतील का? ग्रँट काही महिन्यांपूर्वी बर्फावरून घसरून पडले होते, कुबड्यांवर चालत होते. तसेच उठले आणि विल्यम व्हँडरबिल्ट यांच्याकडं गेले. देशातले सगळ्यात श्रीमंत समजले जाणारे गृहस्थ. ते स्पष्ट बोलले की तुमच्या पेढीला मी एक छदाम देणार नाही, तुम्हाला म्हणून देतो. चेक लिहून दिला. तो वॉर्डच्या हातात पडला आणि गेला.

मंगळवारी, ६ मे रोजी ग्रँट नेहमीसारखे ऑफिसात आले. दारातच मुलानं सांगितलं, सगळं बुडालं. पेढीवर दीड कोटी डॉलरच्या वर देणं होतं आणि तिजोरीत जवळजवळ काहीच नव्हतं. ग्रँट दिवसभर वरच्या खोलीत एकटे बसून राहिले. संध्याकाळी रोखपाल वर आला, त्याला म्हणाले की आयुष्यभर मी माणसांवर विश्वास ठेवत आलो, आता पुन्हा कुणावर ठेवता येईल असं वाटत नाही. घरी नवराबायकोकडं मिळून दोनशेच्या आसपास डॉलर रोख होते. बस्स.

व्हँडरबिल्ट कर्ज माफ करायला तयार होते. ग्रँट ऐकेनात. तलवारी, पदकं, देशोदेशीच्या राजांनी दिलेल्या भेटी, घरं, जमीन, सगळं त्यांच्या नावे करून दिलं. त्या वस्तू शेवटी सरकारकडं गेल्या. लोकांनीही मदत केली. मेक्सिकोचे वकील रोमेरो भेटायला आले आणि टेबलावर हजार डॉलरचा चेक ठेवून गेले. चार्ल्स वुड नावाच्या कधी न पाहिलेल्या माणसानं पाचशेचा चेक धाडला आणि कळवलं की युद्धात तुम्ही जे केलंत त्यातला हा माझ्या वाट्याचा हप्ता समजा. हे वाचलं आणि बरं वाटलं.

त्याच उन्हाळ्यात एकदा फळ खाताना घशात आग झाली. पाणी प्यायलं तरी आग. ज्यूलियाबाई म्हणत होत्या, डॉक्टरला दाखवा. त्यांनी उन्हाळाभर दुखणं अंगावर काढलं. ऑक्टोबरमध्ये डॉक्टर डग्लस यांनी तपासलं तेव्हा घशाचा कॅन्सर निघाला. युद्धात एक मोठा किल्ला जिंकल्यावर सिगार ओढणारा सेनापती म्हणून वर्तमानपत्रांत नाव झालं होतं, तेव्हा लोकांनी हजारो सिगार भेट पाठवले होते. तेच बाधले. तंबाखूची मिश्री लावणाऱ्या आमच्या मैत्रिणींनो, रागावू नका, नुसतं सांगितलं.

आता काय उरलं होतं? अंगात रोग, डोक्यावर देणं, आणि मागे राहणाऱ्या बायकोच्या हातात शून्य. एका मासिकानं युद्धाच्या आठवणींचे लेख मागितले होते, एका लेखाला पाचशे डॉलर. पहिला लेख त्यांनी सरकारी अहवालासारखा कोरडा लिहिला. संपादक येऊन गप्पा मारत बसले, ग्रँट बोलता बोलता लढाई सांगायला लागले, तेव्हा संपादक म्हणाले की हे असंच लिहा. आमच्या सचिवताईंना आम्ही इतिवृत्ताबद्दल हेच सांगत असतो. 'चर्चा झाली व ठराव मंजूर झाला' एवढं लिहू नका, कोण काय म्हणालं ते लिहा.

मग त्यांच्या हाताला लिहिण्याची चव लागली. मासिकवाले पुस्तक छापायला तयार होते, दर शेकडा दहा द्यायला. ग्रँट सही करणारच होते. तेवढ्यात मार्क ट्वेन घरी आले. मोठे लेखक, ग्रँट यांचे स्नेही, आणि त्यांची स्वतःची प्रकाशनसंस्था. त्यांनी करार वाचायला मागितला, वाचला, आणि म्हणाले की ही तर लूट आहे. स्वतः नफ्यातले शंभरातले सत्तर देऊ केले. ग्रँट अडले ते वेगळ्याच कारणानं. आधी विचारलं त्यांनी, मग त्यांना सोडून तुमच्याकडं कसं येऊ? आणि तुम्हालाच तोटा झाला तर? शिंगराचा भाव सांगून टाकणारं पोरगं त्रेसष्टाव्या वर्षात पोचलं तरी तसंच होतं. पण या वेळी मुलानं, मित्रांनी, वकिलांनी दोन्ही कागद समोरासमोर ठेवून तपासले. फेब्रुवारी १८८५ मध्ये ट्वेन यांच्याशी करार झाला. पुस्तकाचे हक्क आधी ज्यूलियाबाईंच्या नावावर केले, म्हणजे पेढीच्या देणेकऱ्यांना त्यावर हात टाकता येऊ नये.

यावर आमच्यात वाद झाला, तोही सांगतो. काहीजणी म्हणाल्या, बरोबर केलं, बाईच्या नावावर केलं म्हणून तर वाचलं. एकीनं विचारलं, मग त्या म्हाताऱ्या सैनिकांचं काय? पेढीवर नाव ग्रँटचंच होतं की. तिच्या प्रश्नाला आमच्याकडं उत्तर नव्हतं.

पुढचे पाच महिने त्या माणसानं जे केलं ते करायला छाती लागते. घोट गिळताना मरणयातना. घशाला कोकेनचा बोळा लावून काही वेळ कळ थांबवायची आणि तेवढ्यात लिहायचं. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून दोन खुर्च्या समोरासमोर जोडून त्यांवर बसल्या बसल्या झोप. आधी लेखनिकाला सांगत होते, आवाज गेला तेव्हा पेन्सिल घेतली. उन्हाळ्यात मॅकग्रेगर डोंगरावरच्या एका घरात हलवलं. डोक्याला लोकरी टोपी, अंगावर शाल, ओसरीत खुर्चीत बसून लिहिताहेत, आणि रस्त्यानं लोक लांबून टोपी काढून नमस्कार करत जाताहेत. डॉक्टरांशी, ज्यूलियाबाईंशी बोलायचं तेही चिठ्ठीवर. जुलैच्या मध्यावर शेवटची पानं तपासून झाली. २३ जुलै १८८५ च्या सकाळी ते गेले. वय त्रेसष्ट.

पुस्तकाचे दोन जाड खंड निघाले. ते दुकानात ठेवले नाहीत. हजारो विक्रेते घरोघरी गेले, त्यांत जुने सैनिक पुष्कळ, आणि आगाऊ नोंदणी करून घेतली. आपण दिवाळीच्या फराळाची ऑर्डर घेतो तशी. तीन लाखांवर जोड खपले. फेब्रुवारी १८८६ मध्ये ज्यूलियाबाईंच्या हातात दोन लाख डॉलरचा पहिला चेक पडला, आणि पुढे सगळे मिळून चार लाखांच्या वर गेले. वॉर्डला दहा वर्षांची शिक्षा झाली, त्यातली साडेसहाच्या आसपास भोगून तो बाहेर आला.

ज्यूलियाबाई १९०२ पर्यंत जगल्या. पैशाची ददात कधी पडली नाही. न्यूयॉर्कमध्ये नदीकाठी नवऱ्याच्या समाधीशेजारी त्यांनाही जागा मिळाली. तशीच त्यांची अट होती, दोघं एकत्र. उतारवयात त्यांनीही आपल्या आठवणी लिहून काढल्या. तिरळ्या डोळ्याची गोष्ट, मोळ्या विकायचे दिवस, मुंबई, जयपूर, सगळं त्यांच्या नजरेनं. तेही पुस्तक छापायचं त्यांच्या मनात होतं. छापलं गेलं १९७५ साली, त्या गेल्यानंतर त्र्याहत्तर वर्षांनी.